नदीत शिसं किती, ते दगडावरच्या शेवाळाला विचारा

ओढ्यात उतरताना मागून कुणीतरी "जपून, बुळबुळीत आहे" म्हणून ओरडतं. ते ज्या थरामुळे, त्याला आपण शेवाळ म्हणतो आणि विषय संपवतो. शेवाळ त्यात असतंच, पण एकटं नसतं. नीलहरित जिवाणू, काचेच्या डबीत राहणारे डायटम नावाचे एकपेशीय जीव, इतर असंख्य जिवाणू, थोडी बुरशी, या सगळ्यांना खाऊन जगणारे आदिजीव, आणि या मंडळींनी मिळून स्रवलेला चिकट पदार्थ, असा तो सगळा संसार असतो. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. जाडी बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. नदीत प्रकाश तळापर्यंत पोचत असेल तर हा थर हिरवट-तपकिरी असतो. सांडपाण्याच्या नाल्यात तो करडा, कापसाच्या झुपक्यांसारखा लोंबतो.

या थराची एक खोड आहे: पाण्यातून जाणारे जड धातू तो धरून ठेवतो. शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त, निकेल, पारा, सगळे. पाण्यात ज्या धातूचा मागमूस लागायला महागडं यंत्र लागतं, तोच धातू या थरात हजारो पटींनी साठलेला सापडतो. समजा, पाण्यात लिटरला २ मायक्रोग्रॅम शिसं आहे आणि त्याच जागच्या वाळवलेल्या बायोफिल्ममध्ये किलोला २०० मिलिग्रॅम. म्हणजे थरातलं प्रमाण पाण्याच्या एक लाख पट झालं. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण अशी तफावत नवलाची नाही. म्हणूनच जगभरच्या नद्यांमध्ये, विशेषतः जुन्या खाणींच्या खाली वाहणाऱ्या नद्यांमध्ये, संशोधक पाण्याच्या बाटलीबरोबर दगडावरचा हा थरही खरवडून नेतात.

मुंबईकराने यात लक्ष का घालावं, त्यासाठी आधी पाण्याच्या बाटलीची अडचण समजून घेऊ.

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना, बीकेसी, धारावी. या शहरात धातूशी खेळणारे धंदे कमी नाहीत: भंगार, रंग, बॅटऱ्या, जुन्या कॉम्प्युटरमधून तांबं काढणारे, आणि प्लेटिंगचे, म्हणजे एका धातूवर दुसऱ्याचा मुलामा चढवण्याचे, गाळे. प्लेटिंगचं काम कसं चालतं ते जरा जवळून पाहिलं तर धातू पाण्यात कसा उतरतो ते कळतं. पितळी नळ (मुलामा द्यायच्या वस्तूला गाळ्यात जॉब म्हणतात) आधी निकेलच्या टाकीत बुडतो. वर काढला की त्याच्या अंगाला द्रावणाचा पातळ थर चिकटून येतो. तो धुवायच्या टाकीत बुडवून काढतात. मग क्रोमची टाकी, पुन्हा धुणं. प्रत्येक धुण्यात जॉबच्या अंगावरचं थोडं निकेल, थोडं क्रोमियम धुवणाच्या पाण्यात उतरतं. दिवसाला शेकडो जॉब निघाले की ते पाणी साधं पाणी राहत नाही. नियमाप्रमाणे त्यावर प्रक्रिया करून, धातू गाळात बसवून, मगच पाणी सोडायचं असतं. बहुतेक जण करतही असतील. पण ज्याला करायचं नाही त्याला नाल्याचं झाकण रात्री दोन वाजता उघडायला कोण अडवणार? ते पाणी तासाभरात पुढे जातं. सकाळी अकराला पुलावरून बादली सोडून नमुना घेतला तर त्यात काही नाही. अहवाल स्वच्छ. अहवालात खोटं काहीच नसतं. त्या मिनिटाला त्या जागी जे पाणी होतं त्याचंच ते खरं वर्णन असतं.

नद्यांचे नियमित नमुने साधारण महिन्यातून एकदा घेतले जातात आणि त्यातही धातूंची तपासणी बरीच क्वचित होते. शिवाय मोठा गोंधळ मोजपट्टीचाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे प्रदूषित पट्टे ठरवतं ते बीओडीवरून. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा प्रदूषित. २०१८च्या यादीत देशभरात असे ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात, आणि मिठी सर्वांत वाईट वर्गात. मैल्यासाठी हे माप उत्तम आहे. धातूंसाठी मात्र ते आंधळं आहे, कारण शिसं काही कुजत नाही. उलट तांबं किंवा क्रोमियम भरपूर असेल तर ते चाचणीतल्या जिवाणूंनाच मारतं, प्राणवायू कमी खर्च होतो आणि बीओडी आहे त्यापेक्षा चांगला दिसतो! सांडपाण्याची प्रयोगशाळा चालवणाऱ्या कुणालाही हा प्रकार ठाऊक असतो.

आता बायोफिल्मचा फायदा सांगतो. घरात मधुमेही माणूस असेल तर हे लगेच पटेल. तपासणीच्या आदल्या चार दिवसांत पथ्य पाळून उपाशीपोटीची साखर छान आणता येते. पण डॉक्टर एचबीए१सी करायला सांगतात आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी बाहेर येते. दगडावरचा थर नदीसाठी हेच काम करतो. तो तिथेच चिकटलेला असतो, रात्री दोनलाही. माशासारखा पोहून पळत नाही. मागच्या काही दिवसांत, आठवड्यांत त्याच्यावरून जे जे गेलं त्याचा अंश त्याच्यात राहतो. जिलेबी कुठल्या वारी खाल्ली ते मात्र एचबीए१सी सांगत नाही, तसंच कुठल्या रात्री झाकण उघडलं ते बायोफिल्मही सांगणार नाही.

धातू चिकटतो कसा

थरातला चिकट पदार्थ म्हणजे मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्या आणि प्रथिनं. या साखळ्यांवर जागोजागी कार्बोक्सिल, फॉस्फेट, गंधकाचे गट लटकलेले असतात आणि नदीच्या साधारण पाण्यात त्यातल्या बऱ्याच गटांवर ऋण विद्युतभार असतो. पाण्यात विरघळलेलं शिसं, तांबं, जस्त, कॅडमियम यांच्यावर धन भार. बाकी समजलंच असेल. हा पहिला टप्पा झटपट होतो, मिनिटांत, तासांत. त्यासाठी थरातला जीव जिवंत असण्याचीही गरज नाही.

दुसरा टप्पा सावकाश. धातू पेशीच्या आत शिरतो, बहुतेक वेळा चोरवाटेनेच: पेशीला मँगनीज, जस्त, कॅल्शियम आत घ्यायचं असतं, त्यासाठी दारं असतात आणि त्या दारांतून कॅडमियम घुसतं. आत आल्यावर शेवाळाच्या पेशी त्याला फायटोकेलेटिन नावाच्या गंधकयुक्त छोट्या रेणूंनी जखडून टाकतात. हे रेणू १९८५ मध्ये वनस्पतीपेशींत सापडले आणि नंतर शेवाळातही. म्हणजे थरात फायटोकेलेटिन वाढलेले दिसले तर धातू नुसता बाहेर चिकटलेला नाही, पेशीला त्याचा त्रास होतोय, हेही कळतं.

तिसरा मार्ग कुणी फारसा लक्षात घेत नाही. थरातच लोह आणि मँगनीज यांचे गंजासारखे ऑक्साइड साचतात आणि तेही इतर धातू ओढून घेतात. माथेरानच्या जांभ्या दगडावरून येणारे ओढे उल्हास नदीला मिळतात, तिकडच्या दगडांवर ही तांबूस साय अपेक्षितच आहे. तिथे थरातला धातू जिवांनी धरला की गंजाने, हे वेगळं काढावं लागतं.

सगळे धातू असे सरळ वागत नाहीत. प्लेटिंगच्या टाकीतलं विषारी क्रोमियम, म्हणजे सहा भाराचं क्रोमियम, पाण्यात क्रोमेटच्या रूपात असतं आणि क्रोमेटचा भार ऋण. ऋणाला ऋण चिकटत नाही. ते थरातल्या सेंद्रिय पदार्थाने तीन भाराच्या क्रोमियममध्ये बदललं की मग घट्ट बसतं. तेव्हा थरात क्रोमियम सापडलं तर ते कुठल्या रूपात आलं होतं, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. आर्सेनिकही ऋणभारी, ते फॉस्फेटचा मुखवटा लावून पेशीत शिरतं किंवा लोहाच्या गंजावर बसतं. पाऱ्याची तऱ्हा सर्वांत घातक. थर पातळ असला तरी त्याच्या आतल्या बाजूला प्राणवायू न पोचणारे कप्पे असतात आणि तिथले काही जिवाणू पाऱ्याला मिथाइल पाऱ्यात बदलतात. जपानमध्ये मिनामाताला १९५६ मध्ये ज्या रोगाची अधिकृत नोंद झाली तो याच रूपातल्या पाऱ्याचा, फक्त तिथे तो कारखान्यातून थेट खाडीत सोडलेला होता.

टूथब्रश, फरशी आणि आम्ल

प्रत्यक्ष काम ऐकायला अगदी घरगुती वाटतं. उथळ, वाहत्या जागेतून मुठीएवढे पाच-सात दगड उचलायचे. ठरावीक क्षेत्रफळाची खिडकी कापलेला प्लॅस्टिकचा तुकडा दगडावर धरायचा आणि तेवढाच भाग नव्या नायलॉनच्या टूथब्रशने घासून काढायचा. हो, टूथब्रशच, संशोधनाच्या पद्धतींतही तोच वापरतात. स्टीलची पाती वापरायची नाही, कारण स्टीलमध्ये निकेल आणि क्रोमियम असतं आणि नदीऐवजी पात्याचंच मोजमाप होऊन बसतं. खरवडलेला लगदा आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, बाटली बर्फात. चाळणीतून अळ्या आणि गोगलगायी वेगळ्या काढायच्या.

प्रयोगशाळेत तो गोठवून वाळवतात, वजन करतात, तीव्र नायट्रिक आम्लात तापवून विरघळवतात आणि आयसीपी-एमएस या यंत्रात घालतात. हे यंत्र द्रावणातले अणू प्लाझ्माच्या प्रचंड तापमानात आयन बनवून वजनाप्रमाणे निवडतं. एका फेरीत वीस-पंचवीस मूलद्रव्यं मोजून होतात. उत्तर येतं ते वाळलेल्या थराच्या किलोमागे अमुक मिलिग्रॅम. नमुन्याचा एक भाग आधी ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात थोडा वेळ बुडवून धुतला तर बाहेर चिकटलेला धातू सुटतो आणि आत शिरलेला मागे राहतो. हा फरक महत्त्वाचा, कारण जिवाला अपाय करतो तो मुख्यतः आतला.

दगड जागोजागी वेगळे, कुठला किती जुना थर ते माहीत नाही, म्हणून पुष्कळदा नदीत स्वतःचा पृष्ठभाग ठेवतात: काचपट्ट्या, अ‍ॅक्रिलिकचे तुकडे, फरश्या. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी १९५० च्या दशकात काचपट्ट्या धरून ठेवणारं तरंगतं उपकरण या कामासाठी वापरात आणलं, कल्पना तेवढी जुनी आहे. तीन-चार आठवड्यांत त्यावर पुरेसा थर धरतो आणि सगळ्या ठिकाणी वय सारखं राहतं. फरशी घ्यायची तर झिलईची नको, काही झिलयांमध्ये शिसं आणि जस्त असतं. आणि मुंबईत ती लोखंडी साखळीने बांधू नका हे माझं स्वतःचं मत. एक तर लोखंड गंजून नमुना बिघडवतं, आणि दुसरं, साखळीला भंगारात भाव आहे, ती आठवडाभरही तिथे राहायची नाही. नायलॉनची दोरी बरी.

वाकड्या डब्या

आकड्यापेक्षा मला स्वतःला डायटमची साक्ष जास्त बोलकी वाटते. डायटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेचं. प्रत्येक जातीची नक्षी ठरलेली: कुणी नावेसारखा लांबट, कुणी काडीसारखा सरळ, कडेला समांतर रेघा, मधोमध एक चीर. आम्लात उकळलं की सगळं सेंद्रिय जळून जातं आणि नुसती कवचं उरतात. ती हजार पट मोठी करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली साधारण चारशेपर्यंत मोजतात. स्वच्छ ओढ्यातल्या नमुन्यात वेडीवाकडी कवचं क्वचित, साधारण शंभरात एकाच्या आत. कॅडमियम, जस्त, तांबं यांचा भार वाढला की काडी मध्येच वाकते, कडेला खाच पडते, रेघा तुटक होतात, चीर भलतीकडे वळते. फ्रान्समध्ये जस्ताच्या जुन्या कारखान्याखाली वाहणाऱ्या रियू-मोर नदीत या विकृतींचा बराच अभ्यास झाला आहे. वाकडं कवच दुसऱ्या कारणांनीही येऊ शकतं, म्हणून एकट्या विकृतीवर निकाल देत नाहीत. पण थरातला धातू वाढलेला आणि कवचंही वाकडी, असं दोन्ही एकाच जागी दिसलं तर पळवाट उरत नाही.

त्याशिवाय कोण आहे आणि कोण निघून गेलंय याची यादी. नाजूक जाती आधी जातात, चिवट उरतात, मोठ्यांच्या जागी लहान येतात. हे ओळखायला कुणीतरी जाती आधी नोंदवलेल्या असाव्या लागतात, आणि इथे आपण नशीबवान आहोत. हेमेंद्रकुमार पृथिवीराज गांधी यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला कोल्हापूरपासून मुंबई-साष्टीपर्यंत गोड्या पाण्यातले डायटम तपासून नोंदवून ठेवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर आजही काम चालतं. म्हणजे परदेशी पुस्तकातली यादी इथल्या नदीवर लादायचं कारण नाही.

आणखी एक युक्ती आहे, स्वीडनच्या हान्स ब्लँक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेली. जिथे तांबं सतत येतं तिथल्या थरातले तांबं न सोसणारे जीव मरून गेलेले असतात, उरलेले सोसणारे. तो थर प्रयोगशाळेत आणून त्याला तांब्याचा वाढता डोस द्यायचा आणि प्रकाशसंश्लेषण कधी बंद पडतं ते पाहायचं. स्वच्छ ओढ्यातला थर लवकर कोलमडतो, सरावलेला तग धरतो. त्या सहनशक्तीवरून कळतं की तांबं नुसतं तिथे होतं एवढंच नाही, त्याने तिथल्या वस्तीत निवड घडवून आणली.

मुंबईत हे जसंच्या तसं चालेल का?

चालणार नाही. परदेशातली बरीचशी कामं स्वच्छ, थंड, दगडी ओढ्यांतली आहेत. तिथे खाण सोडली तर दुसरी घाण नसते. आपल्याकडे सगळंच एकत्र.

पहिला प्रश्न दगडाचाच. मुंबई आणि तिच्या मागचा सह्याद्री काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियम निसर्गतःच ग्रॅनाइटपेक्षा जास्त. हा दगड झिजून झालेला गाळ थरात अडकतो आणि आम्लात विरघळला की त्यातला धातूही हिशेबात येतो. युरोपातला आकडा घेऊन इथे तुलना केली तर एखादा निर्मळ ओढाही दोषी ठरेल. उपाय दोन. एक, थरातलं अ‍ॅल्युमिनियमही मोजायचं. ते जवळजवळ सगळं गाळातून येतं, त्यावरून गाळाचा वाटा वजा करता येतो. दोन, त्याच कातळावरची स्वच्छ जागा जोडीला घ्यायची. मुंबईला ती शहराच्या आतच मिळते, हे भाग्य फार कमी महानगरांचं. दहिसर नदी तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानातून येते. जंगलातल्या तिच्या दगडांवरचा थर हा आपला शून्याचा आकडा. तीच नदी उद्यानाबाहेर वस्तीत शिरल्यावर पुन्हा मोजायची.

दुसरी अडचण समुद्राची. बीकेसी, धारावी, माहीम या खालच्या पट्ट्यात भरतीचं पाणी आत येतं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड कॅडमियमला स्वतःशी बांधून ठेवतं आणि मग थराच्या वाट्याला ते कमी येतं. थरात कॅडमियम कमी सापडलं म्हणून नदी तिथे सुधारली असं म्हणणं म्हणजे मिठाला श्रेय देणं. वरच्या गोड्या पट्ट्याची तुलना वरच्याशीच करायची. खाली खाडीत कालवं-शिंपल्यांवर भरवसा ठेवलेला बरा. किनाऱ्यांवरच्या शिंपल्यांत प्रदूषण मोजायची मोहीम एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्येच सुचवली होती.

तिसरी, पावसाळा. जूनचा पहिला मोठा लोंढा दगड धुऊन नेतो, थर नव्याने धरायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. चार महिने ही पद्धत जवळपास बंद. नेमका याच वेळी, पहिल्या पावसात, रस्त्यावरची धूळ नदीत येते: ब्रेकच्या घासणीतलं तांबं, टायरच्या झिजेतलं जस्त. शिशाचं पेट्रोल देशभरात २००० साली बंद झालं, तरी जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत त्याचे अंश टिकून राहतात. हे सगळं पकडायला फरश्या उपयोगाच्या नाहीत, त्या वेळी बाटलीच हवी.

चौथी अडचण सर्वांत नकोशी. कोरड्या महिन्यांत मिठीसारख्या नदीत मुख्यतः सांडपाणीच वाहतं. पाणी काळं, प्रकाश आत जात नाही, प्राणवायू जवळजवळ नाही. तिथे डायटमची वस्ती फार तर काठाला. दगडावर सांडपाण्याचे जिवाणू. शिवाय कुजण्यातून निघणाऱ्या सल्फाइडशी संयोग होऊन शिसं, तांबं, जस्त काळ्या गाळात बसून जातात, थरापर्यंत पोचतच नाहीत. अशा जागी डायटम मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं. थरातला एकूण धातू आणि तळाचा गाळ दोन्ही तपासावे लागतात. म्हणून माझ्या मते ही पद्धत आधी मिठीच्या वरच्या भागात, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्यांच्या वरच्या टप्प्यांत आणि उल्हासमध्ये राबवावी. उल्हासचा मुद्दा निकडीचा आहे, कारण कल्याण, उल्हासनगर, ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर यांच्या पिण्याच्या पाण्यातला मोठा वाटा याच नदीतून उचलला जातो आणि औद्योगिक पट्ट्यातून येणारी वालधुनी हिलाच मिळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा शिशाला लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, कॅडमियमला ३, पाऱ्याला १. एवढ्या बारीक मापाला आठवड्यांची सरासरी हाताशी असलेली बरी.

मिठीचं पाणी कुणी पीत नाही, मग थरात धातू असला काय नि नसला काय, असं कुणी म्हणेल. पण या थरावर गोगलगायी आणि अळ्या चरतात, त्यांच्यावर मासे जगतात, आणि खाडीतले मासे, खेकडे बाजारात येतात. नाल्याच्या पाण्यावर रुळांकडेला पिकणारा पालक लोकलमधून रोज दिसतो. धातू कुजत नाही, विघटित होत नाही, फक्त जागा बदलतो. जपानच्या जिंत्सू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीतून लोकांच्या हाडांपर्यंत गेलं आणि इताई-इताई रोगाची सरकारी कबुली मिळायला १९६८ उजाडलं.

एक बारकावा राहिला. हा थर फक्त साक्षीदार नाही, तो पाणी बदलतोही. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि विरघळलेलं जस्त थराकडे सरकतं; रात्री उलट. अमेरिकेतल्या खाणपट्ट्यांतल्या ओढ्यांत दुपारच्या आणि पहाटेच्या पाण्यातल्या जस्तात काही पटींचा फरक नोंदवलेला आहे. कार्यालयीन वेळेत घेतलेली बाटली इथेही कमीच सांगते, कुणी काही न सोडता.

आता हे मिठीवर कसं मांडता येईल? वर फिल्टरपाड्याच्या आसपास एक जागा, मग मरोळ, साकीनाका, आणि भरतीचं पाणी पोचत नाही तिथपर्यंत दर पुलाखाली एक. जोडीला राष्ट्रीय उद्यानातली कोरी जागा. नोव्हेंबरात फरश्या सोडायच्या, डिसेंबरात काढायच्या, नव्या सोडायच्या, असं मेपर्यंत. दोन पुलांच्या मध्ये निकेल एकदम उसळलं तर त्या मधल्या टप्प्यात जे नाले मिळतात त्यांच्या तोंडाशी पुढच्या महिन्यात फरश्या टाकायच्या. तिथून आणखी वर, नाल्याच्या फाट्यांवर. महिन्यागणिक परीघ आवळत जातो. खर्च मुख्यतः यंत्रावरच्या तपासणीचा, बाकी दोरी, फरश्या आणि नाल्यात उतरायला तयार असलेली माणसं.

शेवटी कारवाई करायची तर कायद्याला पाण्याचाच नमुना लागतो. सांडपाण्याच्या मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत आणि शेवाळातल्या धातूसाठी आपल्याकडे कुठलंही मानक नाही. पण दर तासाला आपोआप बाटली भरणारा सॅम्पलर मिळतो. तो अख्ख्या नदीवर बसवणं कुणाला परवडणार नाही. फरश्यांनी दाखवून दिलेल्या एका नाल्याच्या तोंडाशी महिनाभर बसवणं परवडतं.